शून्य खोडणाऱ्या ताई

डॉ. हेमलता गद्रे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त मी त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहावेत, अशी गौरवग्रंथाच्या संपादकांची अपेक्षा आहे. लिहायला बसलो खरा, पण आठवतात ते त्यांनी दिलेले धक्केच. पहिला पहिल्याच भेटीत बसला. कर्जतच्या डोंगराकडच्या एका ठाकरवाडीतल्या बायका पळसाच्या पानांच्या पत्रावळी करत आणि आमची संस्था त्या विकून देई. माथेरानच्या काही हॉटेलांना त्या हव्या होत्या, फक्त 'पर्यावरणपूरक' असा कुणा तज्ज्ञाचा दाखला पाहिजे होता. कारखान्यातली नोकरी संपवून ताई दहिवलीला राहायला आल्या आहेत असं कळलं, म्हणून त्यांच्याकडे गेलो. चहा होईपर्यंत सही मिळेल, असा माझा समज. ताईंनी पत्रावळ उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "पूरक म्हणजे कशापेक्षा?" चहा पिऊन मी सहीशिवाय परतलो.

ताईंचं काम थोडक्यात सांगतो. एखादी वस्तू कच्च्या मालापासून कचऱ्यात जाईपर्यंत निसर्गावर किती भार टाकते, हे त्या मोजतात. तापमानवाढीला हातभार किती, पाणी किती लागलं, जमीन किती अडली, ओढ्या-नदीतल्या जिवांपर्यंत विष किती पोचलं, असे त्याचे वेगवेगळे निर्देशक असतात. सगळ्यांची मिळून एकच बेरीज द्या, लोकांना सोपं पडेल, असा आग्रह मी धरला. ताईंनी साफ नकार दिला. धूर कमी झाला म्हणून विष माफ होत नाही, असं त्यांचं म्हणणं. माथेरानात गाड्या जात नाहीत, माल घोड्यावरून जातो, तर त्यांनी घोड्याचा चारासुद्धा धरला. मला हसू आलं. ताई मात्र घोडेवाल्यांत बसून तो चारा कुठून येतो ते विचारून आल्या.

कामात अशा कडक असलेल्या ताई माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा रोज संध्याकाळी मऊ भात घेऊन येत आणि आपल्या जुन्या साहेबांच्या नकला करून तिला हसवत. त्यांना नकला येतात यावर आमच्या संस्थेत अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

अहवाल आला तो आमच्या मनासारखा. प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी पत्रावळीपेक्षा आमची पत्रावळ जवळजवळ प्रत्येक रकान्यात सरस ठरली. पानं जंगलात आपोआप येतात, म्हणून पानांपुढे ताईंनी सगळीकडे शून्य मांडलं होतं. ऑर्डर पक्की करायला हॉटेलवाले खालापूरला आमच्या संस्थेने ठेवलेल्या ताईंच्या सत्काराला येणार होते. वाडीतल्या बायकांना आणायला त्या सकाळी टेंपो घेऊन ताई स्वतः गेल्या.

बायका अजून ओढ्यावर होत्या. साठवलेल्या पानांना पावसाळ्यात बुरशी लागते, म्हणून एका व्यापाऱ्याने त्यांना पांढरी पावडर दिली होती. तिच्या पाण्यात पानं बुडवायची, वाळवायची आणि उरलेलं पाणी ओढ्यात ओतायचं. थोडं खाली पोरं खेकडे धरत होती. ताईंनी पावडरीच्या पिशवीवरचा विषाचा इशारा वाचला आणि बायकांना घेऊन सरळ टेंपोत येऊन बसल्या.

कार्यक्रमात त्यांना सत्काराला उत्तर द्यायला उठवलं. त्या म्हणाल्या, "माझा अहवाल चुकलाय. पानांपुढचं शून्य खोटं आहे. कृपा करून तो वापरू नका." मग त्यांनी ओढ्यावर पाहिलेलं सगळं सांगितलं. हातातला पुष्पगुच्छ कुठे ठेवावा ते मला कळेना. हॉटेलवाले चहा न घेता गेले आणि ऑर्डरही गेली. मी ताईंना नको नको ते बोललो. निदान हॉटेलवाले जाईपर्यंत थांबायचं होतं, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तो राग अजून पुरता गेलेला नाही.

वाडीतल्या यमुनाबाई या बायकांच्या पुढारी. त्या कुणालाच अहो-जाहो करत नाहीत. परतीच्या टेंपोत चढताना त्या ताईंना म्हणाल्या, "तू खरं बोललीस. पन आमी आता खायचं काय?"

ताईंनी खोटा दिलासा दिला नाही. पुढच्या आठवड्यात त्या वाडीवर गेल्या आणि जात राहिल्या. ओढ्याचं पाणी तपासून घेतलं, पोरांचे खाजरे हातपाय डॉक्टरांना दाखवले. पावडर बंद झाली. त्यामुळे पत्रावळी आता कोरड्या दिवसांतच होतात आणि पावसाळ्यात बायका मजुरीला जातात. हे नुकसान खरं आहे. गौरवग्रंथ आहे म्हणून मी ते झाकणार नाही.

परवा या लेखासाठी वाडीवर गेलो, तर नवा व्यापारी नवी पावडर घेऊन आलेला. ही अगदी निर्धोक, पावसातही काम चालू राहील, असं तो सांगत होता. मजुरीला कंटाळलेल्या त्या बायका आता हो म्हणणार, असंच मला वाटलं. यमुनाबाईंनी पिशवी उघडूही दिली नाही. आधी दहिवलीला जाऊन ताईला दाखव, म्हणाल्या. मी थक्क झालो. ताईंसाठी काही शुभेच्छा द्याल का, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं, त्याहून चांगलं मला लिहिता येणार नाही:

"तिला सांग, तब्येतीला जप. एवढ्यात मरू नको. हे पावडरवाले काय यायचं थांबनार नाय."