घड की बाळी

शिरूरला द्राक्षबागेच्या काड्या तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. पुण्यात शिकत असताना वेलीच्या जनुकांवर काम करायचे. इथं काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती गाठ, ब्लेडनं कापायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि आत घड आहे की नाही ते लिहायचं. भांडगावला घरी गेलं की वहिनी विचारते, "दिवसभर एकट्याच बसता?" मी हसते. संध्याकाळी खोलीवर आल्यावर कधीकधी लक्षात येतं, सकाळपासून आपण कुणाशी धड चार वाक्यंही बोललेलो नाही.

मागच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर कवठे येमाईचे एक आप्पा ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून आले. बाकीचे काड्या ठेवून निघून जातात, रिपोर्ट मोबाईलवर मागवतात. हे समोर बसून राहिले.

खालच्या चारही डोळ्यांत घड नव्हता. नुसती बाळी, म्हणजे वेल ज्यानं तार धरते तो पीळदार तंतू.

"आप्पा, उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर नव्या फुटी विरळ केल्या नव्हत्या का?"

"ते काम हिचं. छाटणी झाली आन् आठ दिसांत ही गेली. मला बागंत जावंसंच वाटलं न्हाई."

मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि शिकलेलं सांगत सुटले. डोळ्यात आधी एक बारीक गोळा असतो. त्याचा घडही होतो, बाळीही. ऊन पोचलं, काडीत अन्न साठलं, की फुलाची जनुकं जोमानं कामाला लागतात, गोळ्याला फांद्यांवर फांद्या फुटतात आणि घड धरतो. दाट सावलीत हे काम अर्ध्यावरच राहतं.

"म्हंजी दोन्ही एकाच पोटचे?" डोळा काचेवरून न काढता त्यांनी विचारलं.

"हो. फुलाची काही जनुकं बाळीतही जागी असतात."

"मग आता औषध मारून घड व्हईल?"

"नाही आप्पा. या डोळ्यांचं उन्हाळ्यातच ठरून गेलं."

पुणं सोडल्यापासून जनुकांबद्दल मला कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांच्यावर काय गुदरलं होतं, आणि मला आनंद होत होता तो बोलायला माणूस मिळाल्याचा. नंतर त्याची लाज वाटली.

सातव्या-आठव्या डोळ्यात लहान घड सापडले. त्यांच्या पुढं छाटा, म्हणजे ते फुटतील, असं सांगितलं.

फेब्रुवारीत एका रविवारी फोन करून मी एसटीनं त्यांच्याकडे गेले. घड विरळ होते, पण होते. आप्पांनी स्वतः भाकरी थापली होती, कडा करपलेली.

"बाग काढतोय," जेवताना ते म्हणाले. "कांदा लावीन. द्राक्षाला रोज माणूस लागतं. नुसतं हिंडायला तरी."

"उन्हाळ्यात विरळणीला मी येत जाईन रविवारी."

"तुमाला तुमची कामं हायती, पोरी."

यंदा त्यांच्या शेजाऱ्यानं काड्या आणल्या, तेव्हा कळलं की बाग खरंच काढली. मी फोन लावला.

"हां, काढली," आप्पा म्हणाले. "तुमचं बरं हाय ना?"

"बरं आहे."

पलीकडं पाण्याची मोटार चालू होती. ती ऐकत मी थोडा वेळ फोन तसाच कानाला धरून ठेवला.