जोतिष्यांच्या लॉरीचे टायर

दूधविनायक मोहल्ल्यातले आमचे शेजारी जोतिषी पंचांग पाहिल्याशिवाय नखंसुद्धा कापू देत नसत. कुणी घाई केली की म्हणत, "सबुरीनं, बाबा. ग्रहांना घाई नसते."

एका गोऱ्या साहेबानं विकायला काढलेली छोटी लॉरी त्यांनी घेतली. नदीवरच्या रामनगरच्या तरंगत्या पुलापलीकडे ती वाळूत रुतायची, म्हणून नवे टायर घ्यायला आम्ही दोघं गेलो. त्या दिवशी अमावास्या होती. त्यांनी टायरच्या खोल खाचांत अंगठा घालून पाहिला आणि म्हणाले, "हेच. आत्ताच बसवा."

"आणि मुहूर्त?" मी विचारलं.

"पंचांगानं गाडी वाळूतून निघत नाही हो."

ग्रह जुळत नाहीत या त्यांच्या शब्दावर आम्ही आदल्याच आठवड्यात माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.

लॉरी वाळूत कुठेच अडली नाही.