बधीर बोटं

साठच्या दशकाची सुरुवात असेल. कुवेतला शर्क भागातल्या एका शिंप्याच्या दुकानात मी कामाला होतो. तिथले पुरुष घालतात त्या पायघोळ दिशदाशाची काजं आणि तुरपाई माझ्याकडे असायची. रत्नागिरीकडचं आमचं गाव सोडून मी एकटाच आलो होतो. खोलीत आणखी तिघं कोकणातलेच, पण बंदरावर कामाला. ते खोलीवर असत तेव्हा मी दुकानात.

दमट उन्हाळ्यात माझी नखं पिवळी पडून भुरभुरायला लागली. एका गिऱ्हाइकाने माझ्या हातातलं कापड ओढून घेतलं, तेव्हा मालक म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखव." दवाखान्यात बुरशीवरच्या, नव्यानेच निघालेल्या गोळ्या मिळाल्या. नवीन नख येईपर्यंत, म्हणजे कित्येक महिने घ्यायच्या.

नखं सुधारत होती, पण डोकं सारखं दुखायचं. मग बोटांना मुंग्या आल्या. एके दुपारी मालक ओरडले, "अरे, हात बघ!" सुई बोटात रुतली होती आणि पांढऱ्या कापडावर रक्त उतरलं होतं. मला पत्ताच नव्हता.

खोलीतल्या तिघांत जे वयाने सगळ्यात मोठे, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांना सांगितलं.

"घरची आठवण येते रे. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं."

"आठवणीने बोटं बधीर होतात, चाचा?"

ते डबा उचलून कामाला निघाले. मी पुन्हा विषय काढला नाही. जेवणाची चव गेली तेसुद्धा कुणाला सांगितलं नाही. पापलेटचं कालवण मी ओला कापूस गिळावा तसं गिळायचो.

एकदा दुपारच्या सुट्टीत मासळीबाजारापाशी पोचलो आणि पुढे कुठल्या गल्लीत वळायचं तेच आठवेना. एका कोळ्याने अरबीत काहीतरी विचारलं. शब्द कळले, उत्तर सुचेना. भिंतीच्या सावलीत बसून राहिलो. कामावरून परतणाऱ्या चाचांनी मला तिथे पाहिलं.

"इथे का बसलायस?"

"आपली खोली कुठाय, चाचा?"

त्यांचा चेहराच उतरला. हात धरून त्यांनी मला थेट दवाखान्यात नेलं.

या खेपेचे डॉक्टर हिंदुस्थानी होते. त्यांनी विचारलं, "और कोई दवाई लेते हो?"

"बस, नाखून की."

त्यांनी माझी बोटं हातात घेऊन पाहिली. "वही बंद करो. किसी-किसी की नसों पर असर करती है. मैंने भी पहली बार देखा है."

गोळ्या बंद केल्यावर डोकं लवकर ताळ्यावर आलं, पाठोपाठ चवही आली. बोटं सुधारायला मात्र थंडी उजाडली. तोवर मालकांनी मला कपड्यांच्या घड्या घालायला बसवलं. नखं पुन्हा बिघडली, ती तशीच राहू दिली.

चाचांना त्याच सुमारास शहरापासून दूर, फिंतासकडे काम मिळालं. ट्रंक उचलताना म्हणाले, "काही झालं तर बोल हां कुणाशी तरी."

मी हो म्हटलं. उरलेल्या दोघांशी माझं सलामापलीकडे बोलणं नव्हतं.