सगळ्या घराला जंताची गोळी

माझी मुलगी पाच वर्षांची असताना माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या कुशीत झोपायची आणि माझ्या पोटात दुखायचं. उगाच गोड शब्द कशाला वापरू? मी सकाळी पेडण्याहून म्हापशाची बस पकडायची, दिवसभर कचेरीत मान मोडायची आणि संध्याकाळी घरी यावं तर लेक काकीच्या पुढ्यात बसून वेणी घालून घेतेय. मी हाक मारली की मान न वळवता म्हणायची, "थांब मगे, काकी घालता न्हय?" पहिला दात हलायला लागला तोही आधी काकीला कळला. मी रविवारी हौसेने केलेल्या खिरीला "काकी वेलची घालता" असा शेरा मिळाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बरं, भांडावं तर जाऊबाई कधी वाकडा शब्द बोलायच्या नाहीत. त्याचाही राग यायचा.

मग मुलगी झोपेत तळमळायला लागली. चिडचिड करू लागली, गरम पोई पाव पुढ्यात ठेवला तरी तोंड फिरवू लागली. सासूबाईंनी एका संध्याकाळी मीठ-मोहरी-मिरच्या तिच्यावरून ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्या जळल्या, पण कुणाला ठसका आला नाही. झालं, शिक्कामोर्तब.

"चेडवाक दिश्ट लागली हा," सासूबाई म्हणाल्या. "थोडे दिस आवशीकडेच निजूंदे."

जाऊबाईंना मूल नाही. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नाही, पण दिष्ट म्हटलं की डोळे कुणाकडे वळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. जाऊबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी मुलीची उशी आणून माझ्या खाटेवर ठेवली. मी शिकलेली बाई, दिष्टबिष्ट मानत नाही. पण त्या दिवशी सासूबाईंना एका शब्दाने अडवलं नाही. मला मुलगी मिळत होती.

ती माझ्या शेजारी झोपायला लागली तेव्हा मला दिसलं की ती झोपेतही हात मागे नेऊन खाजवतेय. सकाळी नीट पाहिलं. शौचाची जागा लाल झाली होती आणि तिथे पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखं काहीतरी वळवळत होतं. किळस आलीच, पण खरं सांगते, त्याहून जास्त फुशारकी वाटली. काकीला नाही, मला दिसलं होतं.

म्हापशाच्या मुलांच्या डॉक्टरांनी आधी खात्री करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलगी उठल्या उठल्या, संडासला जाण्याआधी, अंग धुण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी दाबून काढली आणि त्यांनी दिलेल्या काचेवर चिकटवून नेली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि म्हणाले, "बारीक जंत आहेत. मुलांमध्ये नेहमीचं आहे, घाबरू नका."

"तिची काकी तिला सारखी खाजी खायला घालते," मी लगेच सांगून टाकलं. जत्रेतली ती गुळाची खाजी आणून जाऊबाई डब्यात भरून ठेवायच्या.

"गोडाने हे जंत होत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "मूल खाजवतं, अंडी नखात जातात, नखातून तोंडात. अंथरुणातून घरभर पसरतात. गोळी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची. औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी परत एकदा. घरात कुणी गरोदर असेल तर आधी मला विचारा." शिवाय नखं कापायची, रोज सकाळी आंघोळ, चड्ड्या आणि चादरी गरम पाण्यात धुवायच्या, अंथरूण झटकायचं नाही.

माझा एकमेव आरोप असा निकालात निघाला. घरी येऊन गोळ्या वाटल्या. "माका खंयचे जंत?" असं म्हणत सासूबाईंनी कुरकुर केली, पण घेतली. जाऊबाईंनी हात पुढे केला, गोळी चावून खाल्ली आणि विचारलं, "रातची निजता मगे बरी आता?" मग चुलीवर मोठं भांडं चढवून साऱ्या घराच्या चादरी त्यांनीच धुतल्या. माझी लेक त्यांना साबण देत होती. मी जनेलाच्या गजांमधून बघत जळत होते.

मुलीने मला विचारलं होतं, काकीकडे का नाही निजायचं. तिला दिष्ट कशी सांगणार? मी म्हटलं, "तुझ्या पोटात किडे आहेत ना, ते काकीला लागतील."

"आनी तुका?"

"मी आई आहे," मी म्हटलं. तिला ते पटलं.

ते दिवस माझे होते. ती माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपायची. खाज कमी झाली, भूक परतली, चिडचिड गेली. दुसऱ्या गोळीनंतर मी तिला पुन्हा दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, सगळं साफ आहे.

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तिने विचारलं, "आई, किडे मेले मगे सगळे?"

"मेले," मी म्हटलं.

तिने उशी उचलली आणि काकीच्या खोलीकडे पळाली. मी खाटेवर बसून राहिले. मनात आलं, आणखी थोडे दिवस राहिले असते ते किडे, तर काय बिघडलं असतं.