कुंपणालगतची जागा

हिंदामावशी बदकांची पिसं उपटून उशा भरायची. डोक्याच्या रुमालावर कायम दोनचार पिसं चिकटलेली. तिचा नवरा येखेल पाणक्या. पहाटे कावड घेऊन नदीवर जायचा, स्नानघराचा बंब पेटवायचा. आमच्या ज्यू गावातले पुरुष ऊन पाण्यात बुडी मारून प्रार्थनेला जायचे, तेव्हा हा पुढच्या खेपेला नदीवर.

एका रविवारी दुपारी येखेल वारला. दफनाचं बघणारा गेत्झल, कातड्याचा व्यापारी. त्यानं निरोप धाडला, जागा कुंपणालगत. तिथं आमच्याकडे वाळीत टाकलेल्यांना पुरतात. कारण काय, तर येखेल सकाळच्या प्रार्थनेला कधी दिसला नाही.

सोमवारी प्रार्थनाघरात पोथी बाहेर काढणार, एवढ्यात मावशी बायकांच्या माडीवरून खाली आली आणि पोथीच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं ऐकल्याशिवाय पोथी उघडायची नाही, ही आमची जुनी रीत. पण ती एखाद्या बाईनं वापरलेली कुणी पाहिली नव्हती.

"बोल हिंदा," गावाचे धर्मगुरू रब्बी फाल्क म्हणाले.

"काय बोलू? माझ्या माणसाला चोरांच्या रांगेत घालायला निघालेत."

"प्रार्थनेला येत नव्हता, बाई," गेत्झल म्हणाला.

"येईल कुठनं? तुमची ढुंगणं शेकायला पाणी कोण आणणार होतं, तुमचा सासरा?"

माडीवर बायका खुसखुसल्या. रब्बी मात्र गेत्झलकडे वळले.

"गेत्झल, त्या पाण्यात मी रोज उतरलो. त्याची प्रार्थना बुडाली ती माझ्यापायी. तो कुंपणाशी, तर त्याच्या शेजारी मी. माझी जागा आजच धरून ठेव."

गेत्झलचं तोंड उतरलं. गावाचा रब्बी कुंपणाशी म्हणजे पंचक्रोशीत शोभा.

"असं कशाला रब्बी? घेतो की येखेलला मधल्या रांगेत."

"आता नको," मावशी म्हणाली. "असला शेजारी मधल्या रांगेत कुठला मिळायला? रब्बी, शब्द दिलाय हं तुम्ही."

"दिलाय."

मावशी बाजूला झाली. पोथी निघाली.

पुढं काही वर्षांनी रब्बी गेले आणि शब्दाप्रमाणे त्यांना तिथंच पुरलं. आता लांबलांबून माणसं येतात, आमच्या रीतीप्रमाणे त्यांच्या कबरीवर खडे ठेवतात, लेकरंबाळं मागतात. त्यांच्याजवळ जागा हवी म्हणून इतके लोक मागं लागले की कुंपणच मागं सरकवावं लागलं. पहिला अर्ज गेत्झलचा.

परवा एका पाहुण्यानं मावशीला विचारलं, "रब्बींच्या शेजारी हे कोण झोपलेत?"

"शेजारी रब्बी आहेत," मावशी म्हणाली. "आधी आला तो माझा नवरा."