उंटाच्या गळ्यातला रेडिओ

बॅटरी वाचवणं हे माझं काम आहे, आणि त्या कामाचा मला आता मनापासून राग येतो. राहायला मी इथे आखातात, माबेलात, काम मात्र बरक्याहून आत डोंगरांकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर. तिथे संध्याकाळी उंट रस्ता ओलांडतात. उंट मातीच्या रंगाचा, अंधार पडायला लागला की दिसतच नाही. गाडी त्याच्या लांब पायांना धडकते आणि वरचं सगळं धड काच फोडून आत येतं. म्हणून आमच्या कंपनीने रस्त्याकडेला खांब उभे केले, त्यांवर पिवळे दिवे लावले आणि आसपासच्या उंटांच्या गळ्यात पट्टे बांधले. उंट जवळ आला की दिवा लुकलुकणार, एवढीच योजना होती.

पट्ट्यात रेडिओ होता. रेडिओची बॅटरी बोलण्यात कमी आणि नुसतं कान देऊन बसण्यात जास्त संपते. म्हणून मोठा रेडिओ झोपवून ठेवायचा आणि त्याच्याशेजारी एक छोटा, जवळजवळ वीज न खाणारा रिसीव्हर जागा ठेवायचा. खांब सारखी हाक देत राहतो. छोट्याने ती ऐकली की तो मोठ्याला उठवतो, मोठा खांबाला उत्तर देतो आणि दिवा लागतो. उंट लांब असला तर हाक पोचतच नाही, पट्टा झोपून राहतो. या हिशेबाने बॅटरी काही वर्षं टिकणार होती. हिशेब चोख होता, फक्त तो उंटांना कोणी समजावला नव्हता.

खांबांवर सोलर पॅनेल होती. इथल्या धुळीने ती बघता बघता मातीची होत, म्हणून आमचा पाण्याचा टँकर येऊन ती धुवायचा. पाणी खांबावरून ओघळून बुडाशी मुरायचं. थोड्याच दिवसांत प्रत्येक खांबाखाली गवत आणि झुडपं उगवली. त्या उजाड माळावर दुसरं हिरवं काही नव्हतं, शिवाय वर पॅनेलची सावली. उंट दिवसभर तिथेच बसून रवंथ करायला लागले. पट्ट्यांना झोप म्हणून राहिली नाही आणि दिवे भर उन्हात लुकलुकत राहिले.

मी ऑफिसात सांगितलं की बॅटऱ्या लवकर जाणार, आणि गेल्या तर आपल्याला कळणारही नाही. उत्तर आलं नाही तर उंट लांब आहे की पट्टा बंद पडलाय, हे खांबाला ओळखता येत नव्हतं. दोन्ही वेळेला दिवा बंदच राहणार. मॅनेजर म्हणाले, "ट्रायल आहे, बघू पुढे. इन्शाल्ला काही होत नाही." माझं डोकं फिरलं. हा शब्द मी इथे चांगल्या माणसांच्या तोंडून चांगल्या अर्थानेही ऐकलाय, पण ऑफिसात तो काम टाळायला वापरतात.

त्याच रस्त्याने रत्नागिरीकडचा एक पिकअपवाला रोज जायचा. बरक्याच्या बाजारातली मासळी तो आतल्या गावांत पोचवायचा. चहाच्या दुकानात आमची ओळख झाली. तो मला साहेब म्हणायचा, मी त्याला भाई. त्याने धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला नुकतंच मदतीला बोलावून घेतलं होतं. तिची इच्छा नव्हती. भाईने "मी आहे ना" असा शब्द दिला, तेव्हा कुठे तिने नवऱ्याला इकडे येऊ दिलं. माणूस हसतमुख होता, बर्फ फोडता फोडता मला माझ्या पुण्याच्या थंडीबद्दल विचारायचा.

एका संध्याकाळी परतताना त्यांची गाडी उंटाला धडकली. बहिणीचा नवरा जागच्या जागी गेला. भाईच्या दोन्ही पायांची हाडं मोडली.

दुसऱ्या दिवशी मी मेलेल्या उंटाच्या गळ्यातला पट्टा कापून आणला आणि टेबलावर उघडला. बॅटरी पार संपलेली होती. नवी घातल्यावर पट्ट्याने पहिल्याच हाकेला उत्तर दिलं. मला इतका संताप आला की पट्टा भिंतीवर फेकून मारावासा वाटला. मॅनेजर बघत उभे होते. म्हणाले, "हे आता बाहेर कुठे बोलू नका."

पण मला ते एका माणसाला सांगायचंच होतं. हॉस्पिटलात भाईच्या खाटेजवळ बसणाऱ्या त्याच्या गाववाल्याकडून मला कळलं होतं की बहीण गावाहून रोज फोन करते आणि एकच विचारते. तू एवढा जपून गाडी चालवणारा, मग हे झालं कसं? भाई फोन गाववाल्याकडे देऊन मान फिरवायचा. मला वाटलं, दिवा लागला होता आणि तो आपल्याच नजरेतून सुटला, असं त्याला वाटत असणार. निदान तेवढं ओझं तरी मी उतरवू शकत होतो.

दुपारच्या भेटीच्या वेळेत मी गेलो. म्हटलं, "भाई, चूक तुमची नाही. दिवा लागलाच नव्हता. पट्टाच बंद पडला होता. बहिणीला तसं सांगा. हवं तर मी बोलतो तिच्याशी."

त्याने मान माझ्याकडे वळवली.

"बत्ती बंद होती, माहितेय मला. मी बघितली ना साहेब," तो म्हणाला. "तुमच्या बत्त्या नव्हत्या तेव्हा मगरिबनंतर, अंधार पडला की मी तिथनं गाडी अगदी हळू काढायचो. सगळेच काढायचे. त्या दिवशी बहिणीचा नवरा मला बोलला, भाई, जरा सावकाश घ्या, अंधार झालाय. मी बोललो, अरे, बत्ती बंद आहे, रस्ता खाली आहे. आणि पाय दाबला."

तेवढ्यात त्याच्या उशाजवळचा फोन वाजला. त्याने स्क्रीनवर बहिणीचं नाव बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"तुम्ही बोलतो म्हणालात ना," तो म्हणाला. "मग बोला."

मी फोन कानाला लावला. पलीकडून तिने सलाम केला, आणि रोजचाच प्रश्न विचारला.