ओरिनचा आवाज

सॅन मॅटेओतल्या त्या छोट्या कंपनीत, कोडमधलं ओ की ठो न कळणारी एकटी मार्लिस होती. वीस वर्षं लाकडाच्या वखारीत फोन उचलले, आता इथे उचलायची. घशाच्या आजाराने वाचा गेलेल्यांना एआयने त्यांचाच जुना आवाज परत द्यायचा, हा कंपनीचा धंदा. माणूस टाइप करी, यंत्र त्याच्या आवाजात बोले. आवाज मात्र साठवलेला कंपनीकडेच.

मोडेस्टो गावचे ओरिन टॅल्बर्ट हे तिचे लाडके गिऱ्हाईक. आयुष्यभर शाळेची बस चालवलेला माणूस. दर सोमवारी फोन ठरलेला.

"काय गं, अजून आहेस? मला वाटलं, यंत्राने तुलाही घरी बसवलं!"

"तुम्हाला सांभाळायला यंत्र तयार होत नाही, ओरिन!"

वसंतात एका बड्या कंपनीने या छोट्या कंपनीला मागणी घातली. मालक कीटनने सगळ्यांच्या गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या. सौद्याआधी घेणारे गिऱ्हाइकांशी बोलतात, ही तिथली रीत. कीटन म्हणाला, "मार्लिस, तुझ्या त्या म्हाताऱ्याला बोलायला लाव. दगडाला पाझर फुटेल."

तिने गळ घातली आणि ओरिन अगदी मनापासून बोलले. मग तिलाच फोन केला.

"एवढी चौकशी कशाला गं? विकताय की काय? माझ्या आवाजाची प्रत मागून ठेवू का?"

कराराच्या प्रती काढताना मार्लिसने तो वाचला होता. त्यात अकरा इंजिनियरांची नावं होती, गिऱ्हाइकांचा उल्लेखही नव्हता. माणसं तेवढी न्यायची, कंपनी मागे बंद पडायची; विहीर न घेता पाणी तेवढं उपसून न्यावं, तसला सौदा. ओरिनच्या आवाजाची प्रत ती मिनिटभरात पाठवू शकली असती. पण कागदावर सही होती, आणि खरं सांगायचं तर नोकरीचीही भीती होती.

"कशाला?" ती हसून म्हणाली. "आम्ही कुठे पळून चाललोय!"

सहा आठवड्यांत इंजिनियर गेले. कंपनी बंद झाली आणि साठवलेले आवाज नियमाप्रमाणे पुसले गेले. मार्लिसलाही नारळ मिळाला. शेवटच्या सोमवारी ती खोक्यात सामान भरत असताना फोन वाजला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता शिट्टीसारखा श्वास.

"ओरिन?"

रिसीव्हरवर बोटाने एकदा टकटक झाली.

"माझं चुकलं हो," ती म्हणाली. "मला सगळं माहीत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही."

पुन्हा टकटक झाली नाही, पण फोनही ठेवला गेला नाही. श्वास येत राहिला आणि ती ऐकत राहिली. तिला शिव्या द्यायलाही त्यांच्याकडे आवाज उरला नव्हता.